मूळ टेक्सासचे, घड निफाडचे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही नाशिककर ती कधीच पाळत नाही. गौतम ऋषींची कथा आम्हाला लहानपणी आजी सांगते आणि गोदावरीचे मूळ पाहायला आम्ही ब्रह्मगिरी चढून जातो. मूळ शोधायची मात्र आम्हाला एका बाबतीत आठवण राहत नाही, ते म्हणजे आमच्या द्राक्षाच्या. घडाची चर्चा होते, भावाची होते, अवकाळी पावसाची आणि गारपिटीची होते. वेलीच्या मुळाची होत नाही. श्रोतेहो, मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. मुळाशी जाणे हा माझा व्यवसायच. म्हणून आज मी घडाकडे पाठ करून मुळाची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट दुष्काळाची आहे, संकराची आहे, आणि तिचा उगम नाशिकपासून फार लांब आहे.

निफाड, दिंडोरी किंवा चांदवड तालुक्यातल्या एखाद्या द्राक्षबागेत जा आणि वेलीच्या बुंध्यापाशी उकिडवे बसा. जमिनीपासून थोड्या उंचीवर खोडाला एक गाठ दिसेल. गाठीच्या वर आणि खाली खोडाची जाडी सारखी नसते, सालही वेगळी दिसते. ही कलमाची जागा. गाठीच्या वरची वेल थॉमसन सीडलेस किंवा तिच्याच कुळातली एखादी बिनबियांची जात असते. खाली जे आहे त्याला शेतकरी ‘डॉगरिज’ म्हणतात. पुस्तकी भाषेत तो खुंट, बोलीत ‘जंगली’. वरची वेल जुन्या जगातली, पश्चिम आशियाच्या बाजूने आलेली. खालचे मूळ अमेरिकेतल्या टेक्सासच्या चुनखडी टेकड्यांवरचे. ही सोयरीक जुळली कशी?

त्यासाठी आधी नाशिकचे पाणी समजून घेऊ. आपला जिल्हा म्हणजे एका घरात राहणारी दोन निराळी माणसे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला येवला, नांदगावकडे जाताना तो ५००-६०० मिलिमीटरपर्यंत उतरतो. अंतर म्हणाल तर एसटीने तीन-चार तासांचे. द्राक्षाला पश्चिमेचा पाऊस सोसत नाही, कारण दमट हवेत करपा आणि केवडा वेलीला बसू देत नाहीत. म्हणजे बाग लावायची ती कोरड्या बाजूलाच. हवा कोरडी हवी आणि मुळाशी पाणी हवे, असा हा उलटा हट्ट. तो पुरवला कालव्यांनी आणि विहिरींनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नांदूरमधमेश्वरचा बंधारा आणि दारणा धरण झाले, पुढे गंगापूर धरण आले, आणि गोदाकाठची काळी जमीन बागायती झाली.

दख्खनमध्ये द्राक्ष मात्र त्याहून जुने. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे, आणि ती वर्षातून दोनदा येतात असे लिहिले आहे. हे ‘दोनदा’ महत्त्वाचे आहे, त्याकडे आपण पुढे येणारच आहोत. नाशिक जिल्ह्यात व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास केली असे मानले जाते. त्या काळच्या जाती भोकरी, फकडी, पांढरी साहेबी. वेल पांगाऱ्याच्या जिवंत खांबावर चढवत. मग गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांच्या निवडीतून चिमा साहेबी आली, हैदराबादकडून अनाबेशाही आली, आणि १९६० च्या दशकापासून थॉमसन सीडलेसने सगळ्यांना मागे टाकले. पांगारे गेले, लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव आले.

या साऱ्या जातींत एक गोष्ट समान होती. काडी जमिनीत रोवायची, तिलाच मुळ्या फुटायच्या. वेल स्वतःच्या पायावर उभी असे. कलमाची गरज कोणाला वाटली नाही, कारण पाणी गोड होते आणि विहिरी भरलेल्या होत्या.

आता आपण फ्रान्सला जाऊ. तिथे १८६० च्या दशकात दक्षिणेकडच्या बागा एकामागून एक वाळू लागल्या. कारण सापडेना. जुलै १८६८ मध्ये प्लांशों हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी मरणाऱ्या नव्हे, तर शेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या वेली उपटून पाहिल्या. मुळांवर पिवळसर, माव्यासारखे बारीक किडे चिकटलेले होते. हा फिलॉक्सेरा. तो अमेरिकेतून रोपांबरोबर आला होता. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षवेलींचा आणि त्याचा हजारो वर्षांचा शेजार, त्यामुळे त्यांच्या मुळांना त्याची सवय. युरोपच्या वेलीला नाही. मग उपायही अमेरिकेतूनच आणावा लागला: मूळ अमेरिकन वेलीचे, त्यावर डोळा फ्रेंच जातीचा.

पण अमेरिकन वेलींचे माहेर नदीकाठ आणि ओली राने. कोन्याकच्या परिसरातल्या चुनखडीच्या जमिनीत त्यांची पाने पिवळी पडू लागली. चुनखडीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही. ‘जमीन धरत नाही’ असे आपला शेतकरी म्हणतो ना, तेच झाले. म्हणून १८८७ मध्ये पिएर व्हियाला या तरुण प्राध्यापकाला फ्रेंच सरकारने अमेरिकेला पाठवले. शोध कशाचा? चुनखडीवर, उन्हातान्हात, फारशा पाण्याशिवाय वाढणाऱ्या रानवेलीचा.

तो शोध टेक्सास राज्यातल्या डेनिसन गावी टी. व्ही. मन्सन यांच्याकडे येऊन थांबला. मन्सन यांचा जन्म १८४३ चा. हा माणूस आयुष्यभर रानद्राक्षांच्या मागे हिंडला. घोड्यावरून, रेल्वेने, पायी. कोणती वेल कोणत्या दगडावर, कोणत्या ओढ्याकाठी, किती उन्हात उगवते याच्या त्यांनी नोंदी ठेवल्या. त्यांनी व्हियालांना सांगितले की तुमच्या चुनखडीचे उत्तर आमच्या टेक्सासच्या चुनखडी टेकड्यांवर आहे. फ्रान्सने १८८८ मध्ये त्यांचा सन्मान केला. १९०९ मध्ये त्यांचा अमेरिकन द्राक्षशेतीवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि १९१३ मध्ये ते वारले. नाशिकचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव कमीच. पण त्यांनी बेल परगण्यातल्या रानात हेरलेली एक वेल आज नाशिकच्या बागांना उभे करते. तिचे नाव डॉग रिज. मराठीत सांगायचे तर ‘कुत्र्याची टेकडी’.

आता खरी गंमत इथे आहे. डॉगरिज ज्या व्हायटिस चॅम्पिनाय नावाच्या वेलींत मोडते, ती शुद्ध जात नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती निसर्गानेच केलेली संकरित आहे. एक पूर्वज मस्टँग द्राक्ष, पानाच्या पाठीला पांढरी लव असलेली, रांगडी, उन्हाची पर्वा न करणारी. दुसरा पूर्वज रूपेस्ट्रिस, ओढ्यांच्या गोट्यांत वाढणारी, मुळे सरळ खाली सोडणारी झुडुपी वेल. दोघी जिथे भेटल्या तिथे संकर झाला, आणि त्या संकराने मधल्या, कोरड्या, चुनखडी उतारावर आपले बिऱ्हाड थाटले.

रानातला संकर बहुधा टिकत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. आईच्या जागेवर आई सरस, बापाच्या जागेवर बाप सरस. मधल्याला जागाच उरत नाही. एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात हा मुद्दा मांडला की संकर टिकायचा असेल तर जागाही संकरित लागते. ना ओढा ना माथा, ना पुरती ओली ना पुरती कोरडी. अशा जागी संकर रुजतो, मग पुन्हा पूर्वजांशी मिसळतो आणि एका जातीचे गुण दुसरीत नेऊन सोडतो. १९४९ च्या त्याच्या पुस्तकाने हा विचार सर्वदूर पोहोचवला.

याचा सर्वांत चांगला पुरावा ओक वृक्षांनी दिला. आपल्याकडे ओक म्हटले की आधी आडनाव आठवते, कारण सह्याद्रीत हे झाड रानात नाहीच. हिमालयात ते बांज नावाने भेटते. नाशिकमध्ये ओक आहे तो वाइनच्या पिंपाच्या रूपात. पण अमेरिकेत ओकच्या कितीतरी जाती शेजारी शेजारी वाढतात आणि वाऱ्यावर परागकण उडत असल्याने सर्रास मिसळतात. युटा राज्यातले उदाहरण तर थक्क करणारे आहे. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरांत गॅम्बेल ओक हा पानगळीचा वृक्ष आढळतो. त्यात वॉल्टर कॉटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही विचित्र ओक सापडले. पाने लहान, कडांना काटे, हिवाळ्यातही बरीचशी हिरवी. हे गुण टर्बिनेला या कोरड्या प्रदेशातल्या सदाहरित ओकचे. पण टर्बिनेला तर शेकडो किलोमीटर दक्षिणेला! १९५९ मध्ये त्यांनी उत्तर मांडले: काही हजार वर्षांपूर्वी हवा अधिक उष्ण होती, तेव्हा टर्बिनेला उत्तरेपर्यंत पसरला होता. हवा बदलली, तो मागे हटला. पण जाताना संकर मागे ठेवून गेला. मूळ झाड गेले तरी कोरडवाहू गुण त्या डोंगरात शिल्लक राहिले.

टेक्सासमध्येही असेच घडते. पश्चिमेच्या कोरड्या पठारावरचा सदाहरित ओक आणि किनाऱ्याकडचा दमट हवेतला ओक राज्याच्या मध्यभागी एकमेकांत मिसळतात. म्हणजे ज्या मुलखात ओकचे संकर घडतात, त्याच मुलखात आपली डॉगरिजही घडली. झाड असो की वेल, दुष्काळाच्या सीमारेषेवर निसर्ग संकराचा प्रयोग करतो, आणि बरेच हरलेले प्रयोग पुसून टाकून एखादा जिंकलेला ठेवतो.

निसर्गाने केले तेच फ्रेंचांनी हाताने केले. बर्लँडिएरी ही टेक्सासच्या चुनखडीवरची वेल कोरडे सोसत होती, पण तिच्या काडीला मुळ्या फुटत नव्हत्या. काडी रुजत नसेल तर रोपवाटिकेला ती निरुपयोगी. रूपेस्ट्रिसची काडी चटकन रुजते. दोघींचा संकर केला. फ्रांझ रिश्टर यांचा ‘११० आर’ हा त्यातला एक नामांकित खुंट. पाउलसेन आणि रुजेरी यांनी सिसिलीच्या कोरड्या उतारांसाठी असेच संकर निवडले. आईकडून चुनखडी आणि अवर्षण सोसण्याची ताकद, बापाकडून रुजण्याची तयारी.

हे सगळे नाशिकला केव्हा पोहोचले? १९८० च्या दशकाचा शेवट आणि १९९० चे दशक. आपल्याकडे कारण फिलॉक्सेरा नव्हता. आपला किडा निराळाच होता: पाणी कमी आणि पाण्यात क्षार जास्त. विहिरीची जागा बोअरने घेतली. बोअर जितकी खोल, तितके पाणी बहुधा क्षारांचे. कालव्याखालच्या काही जमिनी वर्षानुवर्षे भिजून खारवट आणि चोपण झाल्या होत्या. थॉमसनच्या स्वतःच्या मुळ्या सोडियम आणि क्लोराइड अडवू शकत नाहीत. ते पानात चढतात आणि पानांच्या कडा करपतात. १९९१ मध्ये महाग्रेप्सची स्थापना झाली, युरोपची बाजारपेठ खुली झाली, बागेत गुंतलेला पैसा वाढला, आणि बाग वाळणे पूर्वीपेक्षा महाग पडू लागले. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले आणि खुंटांचे पद्धतशीर प्रयोग होऊ लागले. तोवर शेतकऱ्यांनी डॉगरिज आपलासा केलाही होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी खुंटरोप लावायचे, पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर पाचर कलम भरायचे, हा नेम झाला. कलम भरणाऱ्या कारागिरांच्या टोळ्या गावोगाव हिंडू लागल्या.

हा खुंट करतो तरी काय? एक, त्याची मुळे थॉमसनपेक्षा जोमदार असतात आणि अधिक माती धुंडाळतात. दोन, माती कोरडी होऊ लागली की मुळे ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार करून वर पाठवतात. पानांवरची सूक्ष्म रंध्रे ते ओळखतात आणि मिटतात. पान कोमेजायच्या आत पाण्याची गळती थांबते. घरातल्या कर्त्या बाईने हंडा निम्मा झाला की सगळ्यांना बजावावे, तसे हे आहे. तीन, क्षार मुळाशीच बऱ्याच अंशी रोखले जातात. या शेवटच्या कामात, विशेषतः सोडियमच्या बाबतीत, ११० आर हा डॉगरिजहून सरस असल्याचे पुढच्या प्रयोगांत दिसले.

आता ते ‘दोनदा’ आठवा. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून आपण वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. पीक एकच, फेब्रुवारी-मार्चचे. पण त्या घडाचा पाया कुठे घातला जातो? एप्रिल छाटणीनंतर फुटलेल्या काडीत, साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान, डोळ्याच्या आत. म्हणजे नेमका मे-जूनमध्ये, विहीर तळ गाठते तेव्हा. त्या दिवसांत वेल तहानलेली राहिली तर डोळ्यात घड धरतच नाही, आणि ते कळते ऑक्टोबरनंतर, कर्ज काढून झाल्यावर. २०१२ आणि २०१५ च्या अवर्षणांनंतर पुढच्या उन्हाळ्यात टँकरने बागा जगवणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. टेक्सासच्या मुळाची नाशिकमधली खरी परीक्षा त्या दोन महिन्यांत होते.

श्रोतेहो, इथवरची गोष्ट कौतुकाची झाली. पण इतिहास फक्त कौतुकासाठी वाचू नये. मला तीन गोष्टी काळजीच्या वाटतात.

पहिली, खुंटाचा जोम. डॉगरिजला पाणी आणि नत्र मनासारखे मिळाले की तो पालाच पाला करतो आणि घड रुसतात. ज्या गुणामुळे तो माळावर तगतो, तोच गुण सुपीक जमिनीत आडवा येतो. म्हणून एकच खुंट सगळ्या जमिनींना लागू नाही. खोल काळ्या जमिनीचा आणि मुरमाड माळाचा विचार वेगळाच करावा लागतो.

दुसरी अधिक गंभीर. रानातली वेल बियांनी वाढते. प्रत्येक बी निराळे, म्हणून हवा बदलली तर त्यातले एखादे तरी टिकते. युटातले ओक टिकले ते मिसळत राहिल्यामुळे. आपण मात्र डॉगरिज काडीने वाढवतो. लाखो रोपे, पण जीव एकच. मिसळणे थांबले, म्हणजे जुळवून घेणेही थांबले. हे धोक्याचे कसे, ते कॅलिफोर्नियाने अनुभवले आहे. तिथे ‘एएक्सआर-१’ नावाचा एकच संकरित खुंट मैलोन् मैल लावला होता. त्याची अर्धी बाजू युरोपच्या नाजूक वेलीची. १९८० च्या दशकात फिलॉक्सेराच्या नव्या वाणाने नेमके तेच दुबळे ठिकाण गाठले, आणि नापा-सोनोमातल्या हजारो एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे पोल्ट्रीवाल्यांना सांगावे लागत नाही. आपल्याला सांगावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. खुंट पाणी तयार करत नाही. तो फक्त असलेले पाणी काटकसरीने वापरतो. कोरडे सोसणारे मूळ मिळाले म्हणून आपण बागा आणखी कोरड्या माळावर नेल्या, बोअर आणखी खोल नेली, आणि खुंटाने वाचवलेले पाणी नव्या एकरांनी पिऊन टाकले. आपला बेसाल्ट खडक पाणी साठवण्यात कंजूष आहे. त्याच्या भेगांत जे असते ते थोडे असते, आणि ते भरायला पावसाळे लागतात. शेततळी झाली, ठिबक आले, आच्छादन आले, हे सगळे चांगलेच. पण बचत केलेले पाणी जमिनीत राहिले तरच ती बचत, नाहीतर तो नुसता पुढचा खर्च.

म्हणून माझे सांगणे इतकेच. बागायतदाराने जातीची चौकशी करतो तशी खुंटाचीही करावी. रोपवाटिकेतून आणलेले रोप खरोखर कोणत्या खुंटाचे, हे विचारावे. माती आणि पाणी दोन्ही तपासून मग खुंट ठरवावा. एका बागायतदाराच्या चार प्लॉटांत दोन वेगळे खुंट असले तर बिघडत नाही. उलट तो विमाच. आणि आपल्या संशोधकांनी टेक्सासने शंभर वर्षांपूर्वी दिलेल्या मुळावर न थांबता, आपल्या चुनखडीसाठी, आपल्या क्षारांसाठी आणि आपल्या मे महिन्यासाठी नवे संकर घडवत राहावे. हे काम सावकाश होते. संकर करायचा, बी रुजवायचे, कलम भरायचे, फळ पाहायचे आणि पुढे काही दुष्काळांतून ते टिकते का बघायचे, यात पंचवीस-तीस वर्षे सहज जातात. म्हणजे २०५० च्या सुमारास जी वेल नाशिकच्या माळावर उभी राहणार आहे, तिचे मूळ आजच शोधायला घ्यावे लागेल.